गोळीभोवतीचा बंदोबस्त

वऱ्हाडात एखाद्या सभेत मनाच्या आजाराचा विषय निघाला, की व्यासपीठावरची निम्मी मंडळी कापसाच्या भावाकडे वळतात आणि उरलेली श्रद्धेच्या सामर्थ्याकडे. परंतु पहाटे तीनला जाग आल्यावर ज्याचा डोळा पुन्हा लागत नाही, ज्याची अन्नावरची वासना उडाली आहे, पेरणीपुरते बियाणे घरात असूनही ज्याचे पाऊल शेताकडे वळत नाही आणि काय होते म्हणून विचारले असता जो एवढेच सांगतो की, ‘मले गमत नाही’, त्या माणसाकडे पाहण्यास दोन्ही पक्षांजवळ सवड नसते. असा माणूस सुदैवाने अमरावतीला किंवा अकोल्याला एखाद्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचलाच, तर त्याच्या हाती एक चिठ्ठी आणि काही आठवड्यांच्या गोळ्या पडतात, आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. गोळी घ्यावी की घेऊ नये या वादात आपली सारी बुद्धी खर्ची पडते. ती कशी घ्यावी, कोणाच्या नजरेखाली घ्यावी आणि कशी सोडावी, हा व्यवहाराचा भाग मात्र आपण रुग्णाच्या मनोनिग्रहावर सोपवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, नैराश्यावरील आणि चिंताविकारावरील औषधाची सुरक्षितता गोळीत जेवढी असते, त्याहून अधिक तिच्याभोवतीच्या बंदोबस्तात असते. आणि हा बंदोबस्त नसेल तर गोळी घेणे व गोळी नाकारणे, दोन्ही सारखेच धोक्याचे ठरू शकते.

प्रथम त्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, जो या प्रांतात सर्वांत प्रामाणिक आहे आणि म्हणूनच सर्वांत वजनदारही. २००६ साली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हापासून शेतकऱ्याच्या आत्महत्येकडे अर्थकारणाच्या डोळ्यांनी पाहण्याची शिस्त येथे पडली, आणि ती योग्यच होती. ज्याचे सोयाबीन पावसाने गेले आणि कापूस भावाने गेला, त्याच्या हाती गोळी ठेवणे म्हणजे सरकारने आपली जबाबदारी औषधाच्या पाकिटात गुंडाळून परत करणे होय, असे जे म्हणतात त्यांच्या संतापात तथ्य आहे. गोळीने सावकार फिटत नाही. परंतु कारण बाहेरचे असले म्हणून आजार आत शिरत नाही असे नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यात पडून कोणाचे हाड मोडले, तर खड्डा बुजवण्याची मागणी रास्तच असते, पण खड्डा बुजेपर्यंत हाड बसवू नका असा सल्ला कोणी शहाणा देत नाही. शिवाय येथे एक चमत्कारिक दुष्टचक्र आहे. पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. ज्याला अंथरुणातून उठून तोंड धुण्याचेही बळ उरलेले नाही, त्याच्या ७२ तासांची मुदत खाटेवरच संपते, आणि मग आर्थिक कारणातून आलेला आजार स्वतःच एक आर्थिक कारण होऊन बसतो. बँकेच्या नोटिशीला उत्तर देणे, सातबारा काढून आणणे, भावकीशी बोलणी करणे, ही सारी कामे ज्या मनाने करावयाची तेच मन नादुरुस्त आहे, हे ध्यानात न घेता केवळ योजनांची यादी त्याच्यापुढे वाचून दाखवण्यात अर्थ नाही.

आपल्या दप्तरांनाही हे मन दिसत नाही. आत्महत्येनंतर तहसील कचेरीतून जी चौकशी होते, तीत नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा यांची रुजुवात पाहिली जाते. या गोष्टी जुळल्या तर प्रकरण पात्र, नाही तर अपात्र. मृत मनुष्य मरणापूर्वी कित्येक महिने आजारी होता काय, त्याला कोणी औषध सुचवले होते काय, ते त्याने का सोडले, हा या कैफियतीचा विषयच नाही. उलट आजारपण हेच कारण कागदावर उमटले तर मदत हातची जाईल, अशा धास्तीने एखाद्या घराने गोळ्यांची पाकिटे पंचनाम्यापूर्वी दृष्टीआड केली, तर त्या घराला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

हे सांगितल्यावर दुसऱ्या बाजूचीही एक मर्यादा लगेच सांगितली पाहिजे. प्रत्येक दुःख हा आजार नव्हे आणि प्रत्येक आजाराला गोळी लागत नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणे सलग दोन आठवडे आणि दिवसाचा बहुतेक काळ टिकले, झोप, भूक, एकाग्रता व कामाची शक्ती त्यात ओढली गेली, तरच वैद्यकशास्त्र नैराश्याचे निदान करते. सौम्य अवस्थेत प्रथम औषधाकडे धावू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिकवण आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने ४९५ रुग्णांवर केलेला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या या रुग्णांपैकी निम्म्यांना, वैद्यकाची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत पुन्हा लहानसहान कामांकडे वळवले. तीन महिन्यांनी त्यांतील सुमारे ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, तर नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के. तेव्हा चांगल्या वैद्याची पहिली खूण ही की, तो चिठ्ठी लिहिण्यापूर्वी थायरॉइड, रक्तक्षय व ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांची खातरजमा करतो, कारण या तिन्हींचे सोंग नैराश्यासारखेच असते. आणि दुसरी खूण ही की, तो ‘मधूनच कधी फार उत्साह येऊन झोपेची गरजच वाटेनाशी झाली होती काय’ असे विचारतो. हा दुसरा प्रश्न कित्येकदा घाईत राहून जातो. ज्याला उन्माद आणि अवसाद आलटून पालटून येतात, त्याला नुसते नैराश्याचे औषध दिले तर ते त्याला उन्मादाच्या टोकाकडे ढकलू शकते.

आपल्याच जिल्ह्यात या बाबतीत जे घडले ते आपणांस फारसे ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाचा एक कार्यक्रम गेल्या दशकात राबवला गेला, डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी त्याचा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात मांडला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार करावे, त्यांनी वस्तीवस्तीत बसून मनाच्या आजाराविषयी बोलावे, ज्याला बोलण्याने बरे वाटेल त्याला बोलते करावे आणि ज्याला औषधाची गरज असेल त्यालाच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, अशी त्याची साधी मांडणी होती. आरंभीच्या पाहणीत नैराश्याने पीडित अशा शंभरांतून चारपाच जणच, म्हणजे ४.३ टक्के, कोणत्या तरी उपचाराकडे वळलेले आढळले. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. शेजारच्या इतर गावांशी तुलना करण्याची तजवीज त्या पाहणीत नव्हती, म्हणून या आकड्यांचे श्रेय किती कार्यक्रमाचे आणि किती काळाचे, याविषयी काटेकोर माणसाने थोडा हात राखावा. पण एक गोष्ट निर्विवाद दिसते: वऱ्हाडी माणूस हट्टी, अडाणी किंवा दैववादी म्हणून उपचार घेत नाही, हे आपले लाडके स्पष्टीकरण त्या ३० गावांत टिकले नाही. विचारणारा माणूस दारी आला, तेव्हा लोक बोलले.

आता या औषधांविषयीच. त्यांच्या जन्मकथेत आपल्या देशाचाही एक धागा गुंतलेला आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग वेड आणि रक्तदाब या दोहोंवर होतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. आणि पुढे त्या मुळीतून काढलेले रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीने घेरलेले दिसले, तेव्हा मेंदूतील विशिष्ट रसायने घटल्यामुळे नैराश्य येत असावे, या तर्काला बळ आले. त्याच सुमारास क्षयावरील आयप्रोनियाझिड घेणारे रुग्ण अनपेक्षित उल्हसित दिसू लागले होते, आणि स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण सापडला होता. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली आणि आजच्या गोळ्यांचे युग सुरू झाले. हा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की येथे औषध आधी सापडले आणि उपपत्ती मागाहून रचली गेली. आणि ती उपपत्ती अपुरी आहे, हे आता शास्त्रज्ञच सांगतात. म्हणून ‘तुमच्या डोक्यातले केमिकल कमी झाले आहे, ते आपण भरून काढू’ हे जे सोपे वाक्य कित्येक दवाखान्यांतून ऐकवले जाते, ते मला गैर वाटते. त्या वाक्यातून रुग्ण दोनच निष्कर्ष काढू शकतो: भांडे भरले की गोळी बंद करावी, किंवा भांडे मुळातच फुटके आहे म्हणून जन्मभर घ्यावी. दोन्ही निष्कर्ष त्याला खड्ड्यात घालतात. उपपत्ती कच्ची असली तरी गुण खोटा ठरत नाही. ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा एकत्र हिशेब करून २०१८ साली सिप्रियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तपासलेली सर्व २१ औषधे निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरतात. मात्र सरासरीचा हा फरक माफक आहे, आणि कोणाला कोणते औषध लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. एवढे खरे सांगितले तर रुग्ण पळून जाईल अशी भीती डॉक्टरांनी बाळगण्याचे कारण नाही. जो शेतकरी पावसाचा अंदाज ऐकून पेरणी करतो, त्याला खात्री आणि शक्यता यांतला भेद शिकवावा लागत नाही.

त्याला जे सांगायला हवे ते म्हणजे गोळीचे वेळापत्रक, आणि नेमके तेच चिठ्ठीच्या मागे कोणी लिहीत नाही. या औषधांचा स्वभाव असा आहे की त्यांचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, झोप उडणे किंवा उलट गुंगी येणे, जीव घाबरणे, हे सारे होऊ शकते, आणि चिंताविकाराच्या रुग्णाला तर आजारच वाढल्यासारखा वाटतो. म्हणूनच अशा रुग्णाला लहान मात्रेपासून चढवत न्यावे लागते. सुधारणा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागते आणि पुरता अंदाज येण्यास सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात रुग्णाच्या पदरी केवळ त्रास जमा असतो आणि लाभाच्या खात्यावर शून्य. या घटकेस त्याच्याशी बोलणारे कोणी नसेल तर तो गोळी सोडतो, आणि व्यवहारी माणूस म्हणून त्याचा निर्णय चुकीचाही म्हणता येत नाही. याच आरंभीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, अस्वस्थता वाढून आत्मघाताचे विचार बळावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांविषयी हा इशारा दिला आणि २००७ साली त्याची कक्षा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवली. अकोल्यात किंवा अमरावतीत खोली घेऊन स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा गोळ्या सुरू करतो आणि घरी कळवत नाही, तेव्हा मला त्या गोळीची नव्हे, त्या एकट्या खोलीची काळजी वाटते. त्याच्याजवळ पहिले काही आठवडे कोणी तरी असले पाहिजे, आणि मन भलतीकडे धावू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे. रात्री-अपरात्री कोणी मिळाले नाही तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

दुसरी घसरण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते, आणि ती अधिक फसवी असते. ‘मले आता बरं वाटून रायलं, मंग कायले खाऊ?’ या प्रश्नाला तर्काने उत्तर देणे कठीण आहे, कारण ताप उतरल्यावर कोणी तापाची गोळी घेत नाही. पण येथे बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने, आणि आजार वारंवार उलटत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते. मध्येच सोडले तर आजार परतण्याचा संभव वाढतो. शिवाय एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे प्रकार होतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत ते अधिक, फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळत असल्यामुळे त्यात कमी. हे झटके अनुभवलेला माणूस गावात परत येऊन सांगतो की, ‘या गोळीची सवय लागते, सोडता येत नाही’, आणि एका माणसाच्या अशा साक्षीने दहा माणसांचे उपचार तहकूब होतात.

सवयीचा प्रश्न खोटा नाही, पण त्याचा आरोप चुकीच्या गोळीवर ठेवला जातो. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम यांनी व्यसन लागत नाही: त्यांची तल्लफ येत नाही, नशेसाठी मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. ज्या गोळ्यांची खरोखर सवय लागते त्या निराळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या वर्गातल्या. त्या अर्ध्या तासात जीव शांत करतात आणि म्हणूनच घात करतात, कारण जे औषध तत्काळ सुख देते त्याच्यापुढे चार आठवडे थांबायला लावणारे औषध रुग्णाच्या मनातून उतरते. आपल्या बाजारात तर एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून सर्रास विकले जातात. पहिल्या काही आठवड्यांत दोन्हींची गरज असू शकते, हे मान्य. पण एक औषध वर्षभर चालवावयाचे आणि दुसरे लवकरात लवकर काढून घ्यावयाचे असताना दोहोंना एकाच गोळीत जखडून ठेवणे, ही मला उत्पादकाची सोय वाटते, रुग्णाची नव्हे. त्या जोडगोळीवर वर्षानुवर्षे राहिलेला रुग्ण ती एकाएकी सोडतो तेव्हा त्याला जे भोगावे लागते त्यात आकडी येण्याचाही धोका असतो, आणि बदनामी मात्र नैराश्याच्या औषधाची होते. कायद्याने अल्प्राझोलाम, डायझेपाम इत्यादी औषधे ‘एच-१’ या परिशिष्टात घातली आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टरचे, रुग्णाचे नाव व औषधाची संख्या निराळ्या वहीत टिपून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. हा नियम जेथे पाळला जातो तेथे मेडिकलवाल्याशी वाद न घालता त्याचे आभार मानावेत. चिठ्ठीतील औषध कोणत्या वर्गाचे आहे आणि ते किती दिवसांचे आहे, हे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार तर प्रत्येक रुग्णाला आहेच.

आमच्या हवेचाही या औषधांशी संबंध आहे, याकडे पुण्या-मुंबईत छापलेल्या पत्रकांचे लक्ष जात नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या पिढीतील औषधे स्वस्त आहेत, सरकारी आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि अंगदुखी, डोकेदुखी, झोप यांसाठीही दिली जातात. पण ती घाम कमी करतात, तोंड कोरडे पाडतात आणि उभे राहताना रक्तदाब घसरवू शकतात. उन्हात पऱ्हाट्या उपटणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका यामुळे वाढतो. नव्या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर. अशा आजोबांना उन्हाळ्यात अकस्मात भ्रम होऊ लागला, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून न देता रक्त तपासावे. कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांबरोबर ही औषधे पोटातील रक्तस्राव वाढवतात. ट्रामाडोल, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड यांच्याबरोबर ताप, थरथर आणि भ्रम असा गंभीर प्रकार घडू शकतो, आणि तसे झाले तर थेट रुग्णालय गाठावे. म्हणून दातांचा डॉक्टर असो की हाडांचा, आपण मनाच्या आजाराची गोळी घेतो हे त्याला सांगणे अगत्याचे आहे. लोक नेमके तेथेच गप्प बसतात. दारूविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण ‘गोळी चालू आहे म्हणून आज दारू घेतो आणि गोळी सोडतो’ असा हिशेब करणारेही असतात, आणि त्यांना दोन्हींचे नुकसान पोहोचते. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. जुन्या पिढीतील गोळ्या एकदम अधिक प्रमाणात गेल्या तर हृदयावर प्राणांतिक परिणाम करतात. म्हणून आजार तीव्र असताना थोड्या दिवसांपुरत्याच गोळ्या आणाव्या, त्या घरातील दुसऱ्याने कुलपात ठेवाव्या, आणि हीच कुलपाची शिस्त फवारणीच्या डब्यांनाही लावावी.

घरातील हा दुसरा माणूस कोण, हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत बिकट होतो. नैराश्य पुरुषांहून स्त्रियांत अधिक आढळते, पण वऱ्हाडातील सार्वजनिक चर्चा कर्जदार पुरुषाभोवतीच फिरते, कारण सातबारा बहुधा त्याच्या नावावर असतो. सुनेने गोळी सुरू केली की ती ‘डोक्याची गोळी’ होते, मुलींच्या लग्नापर्यंत तिचे पडसाद पोहोचतात असे मानले जाते, आणि दिवस गेल्याचे कळताच सासरचे किंवा माहेरचे, कोणी तरी ती गोळी बिनदिक्कत बंद करते. गरोदरपणात काही औषधांविषयी सावधगिरी बाळगावीच लागते, परंतु ती बाळगणे म्हणजे मात्रा व औषध यांचा डॉक्टरांशी विचार करणे. एकाएकी तोडल्यामुळे उलटलेले नैराश्य आईला आणि अर्भकाला दोघांनाही घातक असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला, आजाराविषयी गुप्तता पाळण्याचे बंधन घातले, विमा कंपन्यांना मनाचा व शरीराचा आजार समान लेखावयास सांगितले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. कायदा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे खरे; तरी त्या सुनेला डॉक्टरांशी एकांतात दहा मिनिटे बोलता यावे, एवढी व्यवस्था बाह्यरुग्ण विभागात करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागू नये.

श्रद्धेच्या आक्षेपाला मी मुद्दाम थोडक्यात घेतो, कारण त्यात वाद कमी आणि गैरसमज अधिक आहे. शेगावची वारी करणाऱ्याने गोळी सोडावी असे कोणत्याही संताने सांगितल्याचे मला ठाऊक नाही. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार आणि निराशांना हिंमत या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. बाबांनी एकीच्या जागी दुसरी पुरेल असे म्हटलेले नाही. आपण मात्र निराश माणसाला फक्त हिंमत देतो, आणि ती बहुधा उपदेशाच्या रूपाने.

आणि औषध माणसाच्या सोबतीने कसे द्यावे, हे तर अमरावतीला कोणी परक्याने शिकवावयास नको. शिवाजीराव पटवर्धनांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी ‘तपोवन’ उभारले तेव्हा कुष्ठरोग्याला घरात ठेवणे हीच कुलाची नाचक्की समजली जात असे. पुढे बहुविध औषधोपचार आला, तेव्हा महिन्याची एक मात्रा आरोग्य कर्मचाऱ्याच्या समक्ष घ्यावयाची, उरलेल्या घरी, आणि रुग्ण आला नाही तर कर्मचाऱ्याने त्याच्या दारी जावयाचे, अशी रीत घालण्यात आली. क्षयाच्या बाबतीतही तेच केले गेले. कुष्ठाची आणि क्षयाची गोळी मध्येच सुटली तर तो शासनाच्या काळजीचा विषय होतो. नैराश्याची गोळी सुटली तर तो रुग्णाचा कमकुवतपणा ठरतो. हा भेद वैद्यकीय नाही. नैराश्य संसर्गजन्य नसल्यामुळे शेजाऱ्याला त्याची भीती नाही, आणि जेथे भीती नाही तेथे खर्चही नाही, एवढाच त्याचा अर्थ. विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शासनाने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करून आशा कार्यकर्त्यांच्या हाती प्रश्नावली दिली, हे चांगलेच झाले. पण आजारी माणूस शोधून काढणे आणि त्याला वर्षभर सांभाळणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. शोधण्याचे काम मोजता येते, म्हणून त्याचा तक्ता वर जातो. सांभाळण्याचे काम दुसऱ्या आठवड्यात एकदा, सहाव्यात एकदा, आणि पुढे दर महिन्याला, ‘ताई, झोप कशी आहे? गोळी संपली तर नाही ना?’ एवढे विचारण्याचे आहे. त्याचा तक्ता नाही आणि त्यामुळे मोबदलाही नाही. माझ्या मते या प्रश्नाचा मोबदला स्वतंत्रपणे ठरवून दिला पाहिजे, आणि रुग्णाच्या कार्डावर मात्रेबरोबर तीन रकाने छापले पाहिजेत: पुढील विचारपूस केव्हा, ती कोण करणार, आणि औषध उतरवण्यास आरंभ कोणत्या महिन्यात.

हा शेवटचा रकाना मला विशेष महत्त्वाचा वाटतो. औषध उतरवणे हे काही आठवड्यांचे, क्वचित काही महिन्यांचे काम असते. मात्रा पायरी-पायरीने, आणि अखेरच्या पायऱ्या अधिकच सावकाश, कमी करावी लागते, आणि त्या काळात जुनी लक्षणे डोके वर काढतात काय याकडे लक्ष ठेवावे लागते. शहरातील डॉक्टर हे काम रुग्णाच्या सहा महिन्यांच्या हिशेबाने सुरू करतो. ते सहा महिने जूनमध्ये भरले, तर पेरणी, पीककर्ज, पावसाची ओढ आणि दुबार पेरणीची धास्ती या साऱ्यांच्या मध्यावर त्या माणसाचा आधार काढून घेतला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले, तर सोयाबीनचा भाव आणि कापसाची पहिली वेचणी त्याची परीक्षा पाहत असतात. वऱ्हाडात औषध उतरवण्यास फेब्रुवारी-मार्च बरा. तूर घरात आलेली असते, कापसाचा बराचसा हिशेब झालेला असतो, ऊन अजून चढावयाचे असते, आणि रस्ते कोरडे असल्यामुळे धारणी-चिखलदऱ्याकडच्या माणसालाही तपासणीसाठी खाली उतरता येते. मात्र त्या महिन्यांत बँकेच्या वसुलीचा तगादाही जोरात असतो, ही अडचण आहे, आणि ज्याच्यावर कर्ज थकलेले आहे त्याच्यासाठी एप्रिल उजाडेपर्यंत पहिली पायरीही उतरू नये, हेच मला अधिक सुरक्षित वाटते. दोनतीन महिने जास्त घेतलेल्या गोळीने होणारे नुकसान सहसा थोडे असते. मार्चअखेरीस, नोटीस हातात असताना, एकाएकी सोडलेल्या गोळीचा हिशेब तसा नाही.